दुसऱ्या रिमोटचं पत्रक

तुम्ही कधी एखाद्या माणसावर जळलात आणि त्या जळण्याला तत्त्वाचं नाव दिलंत का? लगेच नाही म्हणू नका. थोडं आठवून बघा. मी हे केलेलं आहे, आणि तेही लेखी, तीन मुद्दे घालून, खाली सही करून. ते पत्रक आमच्या जालन्याच्या घरी फ्रिजवर चार दिवस लागलेलं होतं. घरातल्या पाचांपैकी चौघांनी त्याच्या बाजूने हात वर केले. मी जिंकले. त्या जिंकण्याचं काय झालं ते सांगते.

आधी पत्रकांचं सांगायला हवं. पप्पा एमआयडीसीत सळ्यांच्या कारखान्यात होते. भट्टीतून लालभडक निघालेली सळई लांब चिमट्याने धरायची आणि पुढच्या रोलरच्या तोंडात द्यायची, हे काम त्यांनी बावीस वर्षं केलं. घरी येताना त्यांच्या डब्याच्या पिशवीत युनियनची उरलेली पत्रकं असायची. गुलाबी, पिवळी, पातळ कागदाची, एका बाजूने कोरी. आई ती फळीवर डब्यांखाली अंथरायची. दादाच्या वह्यांना त्यांचीच कव्हरं होती. माझी सगळी बेरीज-वजाबाकी कोऱ्या बाजूवर झाली आणि वाचायला मी शिकले ते छापील बाजूवर. पहिलीत बाईंनी ‘सं’वरून शब्द विचारला तेव्हा बाकीची मुलं संत्रं म्हणाली. मी म्हणाले, संघर्ष समिती.

मी आणि दादा लहानपणी फार भांडायचो. दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, त्याचा आवाजही मोठा, म्हणून जिंकायचा तोच. एकदा पप्पा वैतागून म्हणाले, “ह्या घरात वरडून काही मिळणार न्हाई. ज्याला काही पाहिजे त्यानं पत्रक काढायचं.” तेव्हापासून नियमच झाला. काही हवं असेल तर कागदावर लिहायचं, कारणं द्यायची, मागणी शेवटी, सही करून फ्रिजवर लावायचं. संध्याकाळी जेवणं झाली की ज्याने लिहिलं त्याने ते मोठ्याने वाचायचं, दोन शब्द बोलायचं, आणि मग सगळ्यांनी हात वर करायचे. पत्रक नाही त्याला भाषण नाही, हात मात्र प्रत्येकाला. आईने मिक्सरसाठी काढलेलं पत्रक एका ओळीचं होतं: ‘पाट्यावर वाटून दाखवा, मग हात खाली ठेवा.’ एकमताने मंजूर झालं. पप्पांनी बातम्यांच्या वेळेत टीव्ही त्यांच्याकडे राहावा म्हणून पानभर लिहिलं आणि ते तीन विरुद्ध एक मतांनी हरले. तो निकाल त्यांनी मान्य केला. असं घर दुसरीकडे असेल असं मला अजूनही वाटत नाही, आणि त्याचा मला फार अभिमान होता.

माझं पहिलं पत्रक मी आठ वर्षांची असताना काढलं. मामाने दादाला टीव्हीला लावायचा गेम आणून दिला होता. कॅसेट घालायची, लाल-पिवळ्या-पांढऱ्या पिना टीव्हीच्या मागे खोचायच्या आणि रिमोट हातात धरून बसायचं. आम्ही कंट्रोलरला रिमोटच म्हणायचो. खोक्यात रिमोट दोन होते, पण दुसऱ्याची वायर पहिल्याच आठवड्यात उंदराने कुरतडली. मग दादा खेळायचा आणि मी शेजारी बसून बघायची. शेजारी बसून बघणं हे काय असतं ते ज्याने केलं नाही त्याला सांगता येणार नाही. बोटं आपोआप हलतात, हातात काही नसतं. आठवडाभर ते सोसून मी गुलाबी कागदाच्या मागे लिहिलं: ‘एकट्याने खेळणं बंद करा. दुसरा रिमोट मिळालाच पाहिजे. रिमोट आमच्या हक्काचा, नाही कुणाच्या बापाचा.’ शेवटच्या ओळीवर पप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मतं मागायच्या आधीच त्यांनी हात वर केला होता. रविवारी दुसरा रिमोट आला.

त्या रिमोटवर मी आणि दादा रणगाड्यांचा गेम खेळायचो. पडद्याच्या खालच्या बाजूला विटांच्या भिंतीत आपलं ठाणं, वरून शत्रूचे रणगाडे येणार, दोघांनी मिळून ठाणं राखायचं. पिवळा रणगाडा दादाचा, हिरवा माझा. त्या गेममध्ये एक गंमत होती. आपली गोळी चुकून आपल्याच जोडीदाराला लागली तर तो मरायचा नाही, पण थोडा वेळ जागच्या जागी गोठून लुकलुकत राहायचा. तेवढ्यात शत्रू ठाण्यापर्यंत पोचायचा. मी घाईत गोळ्या सोडायची आणि दादा गोठायचा. मग तो ओरडायचा, “आंधळे, आपलाच माणूस हाय मी!”

हे वाक्य लक्षात ठेवा. ते पुढे परत येणार आहे, आणि दुसऱ्याच तोंडातून.

पुढे दादा एका कारखान्यात वजनकाट्यावर लागला आणि मी शहागडला एका खाजगी शाळेत शिकवायला लागले. टायरच्या दुकानावर माझी खोली आहे. खाली हायवे, समोर ट्रकांची रांग, पलीकडे गोदावरीचा पूल. खोलीत एक खाट, पुस्तकं आणि शेगडी. टीव्ही नाही. शनिवारी दुपारची एसटी धरून अंबडवरून जालन्याला यायचं आणि रविवारी संध्याकाळी परत, असं माझं चाललेलं असतं. रविवारी दादा मला गाडीवर स्टँडला सोडतो. रोज संध्याकाळी काट्यावर ट्रक कमी झाले की त्याचा फोन यायचा. दिवसातला सगळ्यात मोठा विनोद तो मला सांगायचा. एका ड्रायव्हरने वजन जास्त भरतंय म्हणून आधी क्लीनरला उतरवलं, मग स्वतः उतरला आणि विचारायला लागला, आता गाडी कोण पुढे घेणार. असले विनोद.

गेल्या उन्हाळ्यात दादाचं लग्न झालं. वहिनी हसनाबादच्या. बीएस्सी झालेल्या, एमआयडीसीतच एका बियाण्याच्या कंपनीत तपासणीला आहेत. ओल्या कागदावर शंभर बिया मांडायच्या, गुंडाळी करून ठेवायची, आणि काही दिवसांनी उघडून किती उगवल्या ते मोजायचं. कामामुळे असेल, पण त्या कुठलीही वस्तू हातात आली की उलटी करून मागचं-बाजूचं सगळं वाचतात. बिस्किटाचा पुडासुद्धा.

लग्नानंतर फोन येणं थांबलं नाही. ते थांबलं असतं तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. फोन यायचा, पण विनोद शिळा असायचा. “काल तुझ्या वहिनीला सांगितलं तर ती हसून हसून...” अशी सुरुवात व्हायची. ती हसून काय झाली हे मला ऐकायचं नव्हतं. जो विनोद आधी माझ्याकडे यायचा तो आता दुसऱ्याच्या हसण्यातून गाळून माझ्याकडे येत होता. मी “हं” म्हणायची. दादा म्हणायचा, “समजला न्हाई का तुला?” समजला होता. सगळंच समजत होतं.

दिवाळीच्या सफाईला मी घरी आले तेव्हा माळ्यावर तो जुना गेम सापडला. मी माळ्यावरून खाली उतरेपर्यंत वहिनींनी कॅसेट हातात घेतलेली होती. मी हात पुढे केला आणि म्हणाले, “द्या इकडं, फुंकर मारावी लागते.”

“फुंकर नका मारू ताई, थुंकीनं आत गंज चढतो,” वहिनी म्हणाल्या, आणि कान साफ करायची काडी स्पिरिटमध्ये बुडवून त्या कॅसेटचे दात एकेक करून पुसायला लागल्या.

दादा त्यांच्या शेजारी मांडी घालून बसला होता. “बघ,” तो मला म्हणाला, “वीस वर्षं आपण थुंकून राह्यलो होतो.”

‘आपण’ म्हणाला, तेवढंच काय ते माझ्या वाट्याला आलं. इतकी वर्षं ती फुंकर माझं काम होतं. कॅसेट चालली नाही की दादा ती माझ्याकडे द्यायचा, माझी फुंकर लागते म्हणून. आणि आता ही बाई येऊन सांगते की ती फुंकर मुळात चूकच होती. बरं, तिचं खरं होतं. तेच तर जास्त लागलं.

गेम सुरू झाला नाही. लाल दिवा लागला, पडदा निळाच राहिला. वहिनींनी टीव्हीच्या मागची भोकंही पुसून पाहिली. दुरुस्तीवाला म्हणाला, आतला भाग आता मिळत नाही. तेव्हा दादा म्हणाला, “यंदा ओवाळणीत पाकीट न्हाई. तुला नवा गेम. जुनेच गेम नव्या डब्यात मिळून राह्यले आता. तू सांगशील तो.”

आम्ही तिघं बाजारात गेलो. दुकानदाराने काचेवर दोन खोके ठेवले. एकात हातात धरायचा गेम होता, तळहातापेक्षा थोडा मोठा, त्यालाच पडदा, त्यालाच बटणं. दुसऱ्यात टीव्हीच्या मागे खोचायची एक काडी आणि पेन्सिल सेलवर चालणारे दोन बिनवायरचे रिमोट. दोन्हींत तेच सगळे जुने गेम. रणगाडे दोन्हींत होते, मी ते आधी विचारून घेतलं.

“ताई, फिरतीवर असाल तर हातातला. घरात बसून खेळणार असाल तर टीव्हीचा. माल दोन्ही बराबर,” दुकानदार म्हणाला.

वहिनी हातातल्याचा खोका उलटा करून वाचत होत्या. आधी मागची बाजू, मग डावी, मग उजवी. मग शांतपणे म्हणाल्या, “मला हा बरा वाटतो.”

झालं. माझ्या मनात त्या क्षणी काय चाललं होतं ते आता खरं सांगते. हातातला गेम घेतला तर तो माझा, म्हणजे तो माझ्यासोबत शहागडला येणार. गेम येणार, दादा नाही येणार. टायरच्या दुकानावर एकटीने चार बोटांच्या पडद्यावर ठाणं राखायचं. आणि टीव्हीचा घेतला तर? माझ्या खोलीत टीव्ही नाही, म्हणजे तो जालन्यालाच राहणार. मग दर शनिवारी मी येणार, दादाच्या शेजारी बसणार, हिरवा रणगाडा माझा. त्या जागेवरून मला कोणी उठवू शकणार नाही, कारण दुसरा रिमोट मी लढून मिळवलेला आहे. आणि ह्या बाईला हातातला हवाय, म्हणजे हिला मला त्या जागेवरून उठवायचंच आहे.

शनिवार आणि पुढचा शनिवार ह्यांच्यामध्ये सहा दिवस असतात हे माझ्या डोक्यात आलं नाही. जळणाऱ्या माणसाचा हिशोब असाच असतो.

दुकानातच आमची जुंपली असती. पण दादा हसून म्हणाला, “घरचा टीव्ही अडकणार म्हणजे हा घरचा प्रश्न झाला. पत्रक काढ मंग.”

मी पत्रक काढलं. आजवरचं माझं सगळ्यात धारदार पत्रक. असं होतं:

‘घरातील तमाम सभासदांनो! एक: हातातला गेम एकाच माणसाच्या हातात मावतो. बाकीच्यांनी काय करायचं? बघत बसायचं? दोन: ज्या घराने एका रिमोटची मक्तेदारी मोडून काढली, त्याच घरात चार बोटांच्या पडद्याची मक्तेदारी आपण येऊ देणार आहोत का? तीन: जे टीव्हीवर होतं ते सर्वांसमोर होतं. कोपऱ्यात तोंड घालून खेळण्याची सवय ही माणसाला माणसापासून तोडणारी सवय आहे. घरात नव्याने आलेल्या सभासदांनी ह्या घराचा इतिहास समजून घ्यावा. मागणी: टीव्हीला लावायचाच गेम आणावा.’

नव्याने आलेल्या सभासदांनी. वाचून दाखवताना त्या ओळीला मी आवाज चढवला होता. आईने माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली घातली. दादा नखं बघत होता.

माझं वाचून झाल्यावर वहिनी म्हणाल्या, “मला एक सांगायचं होतं.”

“पत्रक?” पप्पांनी विचारलं.

“न्हाई.”

“मंग आता हातच,” पप्पा म्हणाले. ते रागाने बोलले नव्हते. नियम होता तो.

टीव्हीच्या बाजूने चार हात वर झाले. हातातल्याच्या बाजूने एक. वहिनींनी तो हात नीट, कोपरात न वाकवता, सरळ वर केला होता आणि पप्पा मोजून होईपर्यंत खाली घेतला नाही. मी त्या एकट्या हाताकडे बघत होते आणि मला आनंद होत होता. हे लिहायला लाज वाटते, पण आनंद होत होता. चार विरुद्ध एक. लोकशाही मार्गाने.

भाऊबीजेला ताटात खोका आला. दोन दिवस मी आणि दादा खेळलो. बोटांना सगळं आठवत होतं. वहिनी चहा आणून ठेवायच्या, जरा वेळ उभ्या राहून बघायच्या आणि आत जायच्या. त्या उभं राहून बघतात हे मला दिसत होतं. त्यांची बोटं हलत होती का ते मी बघितलं नाही.

सुट्टी संपली, मी शहागडला आले. मंगळवारी संध्याकाळी घरच्या ग्रुपवर आईने फोटो टाकला. दादा आणि वहिनी पाठमोरे, समोर टीव्ही. पिवळा रणगाडा, हिरवा रणगाडा. खाली आईने लिहिलं होतं, ‘नवीन सभासद सतरा नंबरवर पोचल्या.’

मी आणि दादा कधीच चौदाच्या पुढे गेलो नव्हतो.

मी खोलीत येरझाऱ्या घातल्या. खिडकीतून खाली एक क्लीनर ट्रकच्या चाकांवर हातोडी मारून हवा बघत होता, त्याचा आवाज येत होता, ठण, ठण, आणि मला वाटत होतं, ह्याला म्हणावं एक माझ्या डोक्यात मार. मीच मागितलेला गेम, मीच मिळवलेला रिमोट, माझ्याच मुद्द्यांनी घरात बसवलेला, आणि त्यावर सहा दिवस ती. माझ्या वाट्याला सातवा. ओवाळणी माझी, ताट माझं, आणि खेळायला वहिनी. बुधवारी दादाचा फोन आला तर तो विनोद सांगायचं विसरला. अठराव्या पातळीवर विटांची भिंत कशी फोडायची ते सांगत बसला. ती युक्ती वहिनींची होती.

पुढचे चार आठवडे मी घरी गेलेच नाही. परीक्षेचे पेपर आहेत म्हणून सांगितलं. पेपर होते, पण एवढे नव्हते.

पाचव्या शनिवारी गेले. दादा दुसऱ्या पाळीला होता. आई शेजारी गेली होती, पप्पा खुर्चीत पेपर वाचत होते. वहिनींनी गेम लावला आणि माझ्यापुढे दोन्ही रिमोट धरले. “कुठला घेता?”

“तुमचा कुठला?” मी विचारलं.

“आता सवयीनं हिरवा.”

“मग मी पिवळा घेते,” मी म्हणाले. दादाचा रणगाडा मी आयुष्यात पहिल्यांदा घेतला.

खेळ सुरू झाला. वहिनी खरंच चांगल्या खेळत होत्या. घाई नाही, एक गोळी वाया नाही. बिया मोजाव्यात तसे शत्रू मोजत होत्या. मी त्यांच्या मागे होते. समोर हिरवा रणगाडा होता, माझा रणगाडा, आणि माझं बोट बटणावर होतं. मी दाबलं. हिरवा गोठला आणि लुकलुकायला लागला.

“चुकून लागली का?” वहिनींनी विचारलं.

“चुकून.”

परत थोड्या वेळाने. मग परत. चौथ्या वेळी हिरवा गोठलेला असताना शत्रूने विटा फोडल्या आणि ठाणं उडालं.

वहिनींनी रिमोट मांडीवर ठेवला. माझ्याकडे बघत म्हणाल्या, “आंधळ्या झाल्या का ताई? आपलाच माणूस हाय मी.”

दादाचं वाक्य. ते त्याने त्यांना शिकवलेलं होतं, म्हणजे त्याही कधी तरी त्याला गोळ्या घालत असणार. माझ्या डोक्यात एकदम जाळ झाला आणि मी म्हणाले, “तुम्हाला हातातलाच पाहिजे होता ना? मग आता हा कशाला खेळता?”

“तुम्ही तो खोका वाचला होता का?” वहिनींनी विचारलं.

“कुठला?”

“हातातल्याचा. उजव्या बाजूला लिव्हलं होतं. सोबत टीव्हीची वायर आणि एक जादा रिमोट. घरी टीव्हीला लावा, दोघं खेळा. बाहेर जाताना काढून घ्या, एकटे खेळा. आपल्या टीव्हीची भोकं मी पुसली होती, तीनही चालू हाईत.”

चार मतांनी मी जो गेम पाडला होता, तो टीव्हीवरही चालत होता. दुसरा रिमोट त्याच्याही खोक्यात होता.

“मग बोलला का नाहीत?” मी विचारलं.

“बोलले की. पप्पांनी विचारलं, पत्रक? आता पत्रक कसं काढायचं, कुठं लावायचं, मला कुणी सांगितलं होतं? मला वाटलं, तुम्हीच काढता, शाळेतल्या बाई म्हणून. सहा महिने झाल्ते मला ह्या घरात. तुमच्या पत्रकाआधी फ्रिजवर फक्त दुधाचं बिल पाह्यलं होतं मी.”

पेपरमागून पप्पांचा आवाज आला, “हिला कुणीच सांगितलं न्हाई?” पप्पांनी पेपर खाली घेतला, आणि त्यांचा चेहरा बघून मी मान फिरवली. ज्याला बोलू दिलं जात नाही त्याच्यासाठी बावीस वर्षं गेटवर कागद वाटलेला माणूस होता तो. आणि मी? इतिहास समजून घ्यावा असं मी लिहिलं होतं. कोणी सांगितलेला इतिहास?

पण वहिनी काही देवी नाहीत, आणि त्यांनी तसं सोंगही आणलं नाही. त्या पुढे म्हणाल्या, “अन् खरं सांगू का, मी काही तुमच्यासाठी हात वर न्हवता केला. तुम्ही आल्या की हे तुमचेच होतात. दोन दिवस मी चहा देऊन राह्यले फक्त. म्हणलं, हातातला घेतला तर ताई शहागडला घेऊन जातील. हप्ताभर घरात ती पीडा न्हाई. संध्याकाळी हे माझ्याशी बोलतील. आता येऊन रिमोटच हातात घेतात. बोलायचं तर मलाही रणगाड्यात बसावं लागतं.”

“तुम्हाला गेम आवडत नाही?”

“बिलकुल न्हाई. डोळे दुखतात माझे. दिवसभर बियाच मोजते मी.”

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही. सतराव्या पातळीवर पोचलेली ही बाई केवळ नवऱ्याशेजारी बसायला मिळावं म्हणून पोचली होती. ज्या जागेसाठी मी जळत होते, त्याच जागेसाठी तीही जळत होती, आणि मी तिकडे नसताना ती जागा तिला मिळतेय असं मी समजत होते.

पप्पा उठले. कपाटातल्या गठ्ठ्यातून एक गुलाबी कागद काढला आणि पेनासकट वहिनींच्या पुढे ठेवला. “लिव्ह,” म्हणाले. “आधी कारण, मंग मागणी, खाली सही.”

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर वहिनींनी त्यांचं पहिलं पत्रक वाचलं. दोन ओळी होत्या. ‘कारण: मला ताईंचा हेवा वाटतो. मागणी: शनिवारी गेम भावा-बहिणीचा, रविवारी संध्याकाळी टीव्ही बंद आणि यांनी माझ्यासोबत मोती तलावाकडे फिरायला यावं.’

दादा लाल झाला. आई म्हणाली, “बरं झालं, माझ्याही मालिकेचं काही तरी कर पोरी,” आणि हात वर केला. पप्पांनी केला. दादाने माझ्याकडे बघितलं.

मी त्या कागदाकडे बघत होते. हेवा वाटतो. तीन मुद्दे, मक्तेदारी, माणसाला माणसापासून तोडणारी सवय, एवढं सगळं लिहून मी जे झाकलं होतं ते ह्या बाईने पहिल्याच ओळीत लिहून टाकलं होतं, आणि सहीही केली होती. मला त्याचाही हेवा वाटला. शिवाय रविवारी संध्याकाळीच माझी एसटी असते. म्हणजे ह्यापुढे मला स्टँडवर सोडायला दादा येणार नव्हता. दहा मिनिटांचा तो गाडीवरचा रस्ता, मागे बसून त्याच्या कानात ओरडून बोलायचा, तोही जाणार होता.

मी हात वर केला. पूर्ण सरळ नाही झाला, कोपरात वाकलेला होता. पप्पांनी मोजला.

त्या संध्याकाळी मी रिक्षाने स्टँडवर गेले. आजही जाते. जळणं संपलेलं नाही, रविवारी सहा वाजले की ते बरोबर येतं. पण आता मी त्याला दुसरं नाव देत नाही.

माझी तुमच्याकडे एकच मागणी आहे. तुमच्याही घरात नियम असतील, लिहिलेले किंवा न लिहिलेले, आणि एखादं माणूस असेल ज्याला ते कोणी सांगितलेले नाहीत. सून असेल, जावई असेल, नोकरीसाठी येऊन राहिलेली भाची असेल. आज जेवायला बसायच्या आधी त्या माणसापुढे एक कोरा कागद आणि पेन ठेवा. आधी कारण, मग मागणी, खाली सही, एवढं सांगा. आणि ते माणूस शेवटपर्यंत वाचून होईपर्यंत तुमचा स्वतःचा हात खाली ठेवा.